कोरी सीडी वाया का जाते?

पातूर-अकोल्याकडे एप्रिलअखेर पारा अनेकदा ४२ अंशांवर जातो. अशा दुपारी शाळेतल्या जुन्या संगणकावर स्नेहसंमेलनाच्या छायाचित्रांची सीडी करावयास घ्यावी, तर ती निम्म्यावर अडते, दुसरीही तशीच. यंत्र बिघडले असे म्हणण्यापूर्वी आत काय घडते ते पाहू या.

कोऱ्या सीडीत रंगद्रव्याचा पातळ थर असतो. ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर किरण त्यावर सूक्ष्म खुणा भाजतो. या खुणा वाचण्यास थोडी शक्ती पुरते, लिहिण्यास मात्र कितीतरी पट लागते. म्हणूनच गाण्यांची सीडी सुरळीत वाजवणारे यंत्र लिहिताना हटून बसते! लेसर तापला की तेवढ्याच विद्युतप्रवाहात प्रकाश कमी देतो. भिंगावर धूळ असेल तर आणखी तूट येते. शिवाय प्रत्येक जातीच्या सीडीला लागणारी शक्ती निराळी. लेखनाआधी यंत्र सीडीच्या आतल्या कडेला चाचणी घेऊन ती ठरवते. चाचणीच फसली, तर लेखन सुरूच होत नाही.

दोष शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन एकदम बदलल्या आणि काम झाले, तर आनंद होतो खरा, पण दोष कशात होता ते कळत नाही. प्रथम दुसऱ्या जातीची सीडी घ्या. मग वेग ४८ पटींवरून १६ पटींवर आणा. तरीही अडले, तर तसाच प्रयोग पहाटे, खोली गार असताना करा. पहाटे जमले आणि दुपारी फसले, तर संशय उष्णतेवर. दोन्ही वेळा फसले, तर भिंगावरची धूळ किंवा थकलेला लेसर. मात्र यंत्र उघडून, ते चालू असताना आत डोकावू नका. हा अवरक्त किरण दिसत नाही, पण डोळ्यास इजा करतो.