श्लोक ७.११ : छोटी स्वप्नं, कोकणकडा आणि एक टॉर्च



आज गीतेच्या सातव्या अध्यायातला अकरावा श्लोक. खरं तर हा परवाच घ्यायचा होता. दोनदा लिहायला बसलो आणि दोनदा उठलो. का, ते पुढे येईलच.

आधी संदर्भ बघू. आठव्या श्लोकापासून भगवंत अर्जुनाला सांगतायत की मी कुठे कुठे सापडतो. पाण्यातली चव मी, चंद्र-सूर्याचं तेज मी, मातीचा सुगंध मी, अग्नीतलं तेज मी, बुद्धिमानांची बुद्धी मी. सगळ्या रोजच्या गोष्टी, वाचताना मन कसं शांत होतं. आणि मग येतो अकरावा श्लोक. त्यात दोन गोष्टी आहेत. पहिली, बलवानांचं बळ मी आहे, पण काम आणि राग (म्हणजे आसक्ती, संताप नव्हे) यांच्यापासून मोकळं असलेलं बळ. दुसरी, प्राण्यांमधला काम, म्हणजे इच्छा, तीही मीच, पण जी धर्माच्या विरुद्ध जात नाही ती.

इथे मी पहिल्यांदा वाचताना अडकलो होतो. अहो, याच श्रीकृष्णांनी तिसऱ्या अध्यायात कामाला रजोगुणातून जन्मलेला, कधीही पोट न भरणारा वैरी म्हटलंय. त्या अध्यायाचा शेवटच 'या शत्रूला मार' असं सांगून होतो. पुढे सोळाव्यात तर काम, क्रोध, लोभ ही नरकाची तीन दारं म्हणून सांगितलीत. आणि मध्ये सातव्यात म्हणतात, काम मी आहे! एकाच कोडबेसमध्ये दोन फाइल्स एकमेकींना खोटं पाडतायत, असं वाटलं.

शंकराचार्यांचं भाष्य इथे फार मदत करतं. ते काम आणि राग यांत फरक करतात. जे अजून हाताशी नाही त्याची ओढ म्हणजे काम, आणि जे मिळालंय त्यात मन रंगून जाणं म्हणजे राग. धर्माला धरून असलेल्या इच्छेचं त्यांनी दिलेलं उदाहरण तर अगदीच साधं आहे: शरीर टिकवण्यापुरतं खाणं-पिणं. बस. म्हणजे भूक लागली, भाकरी हवीशी वाटली, तर त्या हवंसं वाटण्यातही तोच आहे.

आता हे सगळं आजच का आठवलं? मागच्या वर्षी घर बदलताना जुन्या सॅकमध्ये माझी कॉलेजची डायरी सापडली. थर्ड इयर, २०१०. एका पानावर 'करायचंय' असं लिहून खाली पाच ओळी. वाचून हसू आलं, कारण त्यात नोकरी, गाडी, अमेरिका काहीच नव्हतं. होतं ते असं: हार्मोनियम शिकणे. आईला विमानात खिडकीजवळ बसवणे. ज्ञानेश्वरी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणे. पुस्तकांना स्वतःचं कपाट. आणि पाचवी ओळ, वेगळ्या पेनने, बहुतेक नंतर लिहिलेली: 'हरिश्चंद्रगड, पुन्हा.'

पंधरा वर्षं ही यादी त्या सॅकमध्ये पडून होती. मधल्या काळात मी किती 'मोठी' टार्गेट्स लिहिली आणि किती अप्रेझल फॉर्म भरले, त्याची गणती नाही. पण या पाचांपैकी कपाट सोडून एकही झालेलं नव्हतं. तेही फ्लॅटच्या फर्निचरबरोबर आपोआप आलं, म्हणून झालं.

मग ठरवलं की करायचंच. आईला पुण्याहून दिल्लीला नेलं. टेक-ऑफच्या वेळी तिने डोळे मिटून हात जोडले. मी म्हटलं, "अगं, खिडकीतून बघ ना, त्यासाठीच आलोय." तर म्हणाली, "थांब रे, आधी नमस्कार करू दे." नंतर मात्र दोन तास तिने काचेवरून नाक हलवलं नाही. समोर आलेला चहासुद्धा गार झाला. ज्ञानेश्वरी रोज वीस ओव्या अशा हिशोबाने सव्वा वर्षात झाली. हार्मोनियमवर एकच भजन येतं आणि तेही शेजारच्या काकूंच्या मते 'ओळखू येतं' इतपत. असो.

ही चार झाली तेव्हा मला हा श्लोक अगदी गोड वाटत होता. छोटी, निरुपद्रवी स्वप्नं, धर्माच्या विरोधात नाहीत, म्हणजे यात देव आहे, झालं चिंतन! परवा तेच लिहायला बसलो होतो. आणि मग पाचवी ओळ आठवली.

डिसेंबर २०१०. पेपर संपले होते. आम्ही सहाजण शिवाजीनगर स्टँडवरून निघालो. आळेफाट्याला बस बदलून माळशेजच्या अलीकडे खुबी फाट्यावर उतरलो, आणि पिंपळगाव जोग्याच्या धरणाच्या भिंतीवरून चालत खिरेश्वरला पोहोचलो. हे सगळं सकाळी लवकर व्हायला हवं होतं. आमचं झालं दुपारी बारा वाजता, कारण इंजिनिअरिंगची मुलं. बेत एकच होता: कोकणकड्यावरून सूर्यास्त बघायचा. ज्यांनी कोकणकडा पाहिला नाही त्यांना शब्दांत सांगणं अवघड आहे. पश्चिमेला जमीन एकदम संपते, आणि कडा नुसता सरळ खाली जात नाही, तर आत वळतो, नागाच्या फण्यासारखा. पोटावर झोपून डोकं बाहेर काढलं की खाली थेट कोकण दिसतं.

माझा रूममेट, आम्ही त्याला रूमीच म्हणायचो, नवीन बूट घालून आला होता. तोलार खिंडीपर्यंत त्याच्या टाचा सोलल्या. खिंडीनंतर कातळाचा टप्पा आहे, तिथे रेलिंग धरून चढायचं. तो तिथेही हळूहळू आला. पुढे गच्च झाडीतून एकामागून एक टेकड्या लागतात. प्रत्येक टेकडी चढली की वाटतं हीच शेवटची, आणि ती कधीच नसते. मी सगळ्यांत फिट. रोज ग्राउंडवर पळणारा. घड्याळात साडेचार वाजले आणि माझं डोकं फिरायला लागलं. देवळापर्यंत एक तास, तिथून कड्यापर्यंत आणखी अर्धा तास, आणि सूर्य सहाच्या आसपास बुडणार.

मी म्हटलं, "तू ये सावकाश, वाट सरळच आहे. आम्ही पुढे होतो." तो "हो" म्हणाला. दुसरं काय म्हणणार होता?

वाट सरळ नव्हती. तिथे पायवाटांना फाटे फुटतात, आणि हे मला माहीत होतं, कारण मी आदल्या वर्षी येऊन गेलो होतो. आणखी एक गोष्ट. आमच्या दोघांत मिळून एकच टॉर्च होता आणि तो माझ्या सॅकमध्ये होता.

सूर्यास्त मिळाला. दोन मेगापिक्सेलच्या मोबाइलवर मी त्याचे अकरा फोटो काढले. देवळाजवळच्या झोपडीत परत आलो तेव्हा पूर्ण अंधार होता, आणि रूमी आलेला नव्हता. पुढचा दीड तास मला सविस्तर लिहिता येणार नाही. गडावर चहा-जेवण देणारा गावातला एक पोऱ्या आमच्याबरोबर निघाला. हाका मारत आम्ही मागे गेलो. रूमी एका फाट्यावर दगडाला टेकून बसला होता. चुकीच्या वाटेने बरंच आत जाऊन तो परत आला होता, आणि मग शहाणपणाने जागेवरच थांबला होता. बूट काढून हातात घेतले होते. मला बघून एवढंच म्हणाला, "दिसला का सूर्यास्त?"

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

भांडण झालं नाही. फायनल इयरला त्याने दुसरी रूम घेतली, कारण 'लायब्ररी जवळ पडते'. मग नोकऱ्या, मग वाढदिवसाचे मेसेज, मग तेही नाहीत.

आता श्लोकाकडे परत या. सूर्यास्त बघायची इच्छा सकाळी शिवाजीनगरला धर्माच्या विरुद्ध होती का? अजिबात नाही. सहा पोरं पेपर संपवून डोंगरावर सूर्य बघायला चाललीत, यापेक्षा निर्मळ इच्छा कुठली असेल! आणि साडेचार वाजता? इच्छा तीच होती. वस्तू तीच, सूर्यही तोच. फक्त तिच्या आड एक माणूस आला, आणि मी त्याला वळसा घालून पुढे गेलो. मला इतकी वर्षं वाटायचं की इच्छांच्या दोन याद्या असतात, चांगल्या आणि वाईट, आणि आपण चांगल्या यादीतली उचलली की सुटलो. मी तपासणी एकदाच, निघताना केली होती. ती वाटेत दर टेकडीला करायची होती.

आणि आता श्लोकाचा पहिला अर्धा भाग बघा, जो मी नेहमी घाईत वाचून पुढे जायचो. बळ! काम आणि आसक्ती नसलेलं बळ. त्या दिवशी आमच्यात सगळ्यांत जास्त बळ माझ्यात होतं. एकाच श्लोकात बळ आणि इच्छा शेजारीशेजारी का ठेवली असावी, याचं उत्तर मला भाष्यात नाही, त्या झाडीत सापडतं. ज्याच्यात बळ आहे त्याच्याच इच्छेखाली दुसरा चिरडला जातो. टाचा सोललेला माणूस कुणाला मागे टाकणार?

गंमत बघा, याच गडावर चांगदेवांनी तप केलं आणि 'तत्त्वसार' लिहिलं असं सांगतात. चौदाशे वर्षांचं योगबळ घेऊन वाघावर बसून निघालेले चांगदेव, आणि त्यांचं कोरं पत्र बघून "इतकी वर्षं जगून कोराच राहिला" म्हणणारी चिमुरडी मुक्ताई. लहानपणी ही गोष्ट मला फक्त चालत्या भिंतीसाठी आवडायची. आता वाटतं, वाघावरून उतरून त्या मुलीला गुरू मानणं हे चांगदेवांचं सगळ्यांत मोठं बळ असणार.

तर पाचवी ओळ. मला वाटलं असतं तर ऑफिसच्या ग्रुपबरोबर एका शनिवारी जाऊन टिक करून आलो असतो. दोनदा बुकिंगही केलं होतं, खोटं कशाला बोलू. पण 'पुन्हा' म्हणजे कुणाबरोबर, हे मला माहीत होतं. शेवटी नोव्हेंबरमध्ये जुन्या मित्राकडून नंबर घेऊन फोन केला. रूमी आता नाशिकला असतो. पाच मिनिटं इकडचं-तिकडचं झाल्यावर मी म्हटलं, "हरिश्चंद्रगडला येतोस का?" पलीकडे शांतता. मग म्हणाला, "मुलगी आठ वर्षांची आहे. तिला घेऊन येईन. चालेल?"

जानेवारीत गेलो. या वेळी पाचनईवरून, ती वाट सोपी आहे. पोरगी दर दहा मिनिटांनी थांबायची. कधी दगड उचलायला, कधी पाणी प्यायला, कधी नुसतीच. मला सांगायला लाज वाटते, पण पहिल्या तासात मी तीनदा घड्याळ बघितलं. सवय जात नाही. केदारेश्वराच्या गुहेत मात्र ती अर्धा तास हलेना. गार पाण्यात मधोमध ते प्रचंड शिवलिंग, चार खांबांपैकी एकच शाबूत. एकेका युगाबरोबर एकेक खांब पडला असं लोक मानतात, हे मी तिला सांगितलं. तिने विचारलं, "मग हा कधी पडणार?" रूमी म्हणाला, "काकाला विचार, त्याला घाई असते." आणि हसला. पंधरा वर्षांत पहिल्यांदा तो विषय निघाला होता.

कड्यावर बसलो असताना मी जे बोलायचं ते बोललो. तयारी केलेलं वाक्य नीट आलंच नाही. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तू पुढे गेलास त्याचा राग नव्हता रे. मीही गेलो असतो कदाचित. पण टॉर्च देऊन जायचं ना."

'जाऊ दे' म्हणाला नाही. मीही त्याची वाट बघितली नाही. पोरगी पोटावर झोपून खाली कोकण बघत होती, आणि आम्ही दोघांनी तिचा एकेक पाय घट्ट धरला होता. सूर्य ढगात बुडाला, नीट दिसलासुद्धा नाही. परतताना अंधार पडला तेव्हा टॉर्च पोरीच्या हातात होता. ती पुढे, आम्ही मागे, आणि ती तो टॉर्च वाटेवर सोडून झाडांवर मारत होती.

उद्या बारावा श्लोक घेऊ. सात्त्विक, राजस, तामस हे सगळे भाव माझ्यापासूनच निघतात, पण मी त्यांच्यात नाही, असं भगवंत त्यात म्हणतात. अवघड आहे, सकाळी चहा घेऊन बसा.

राम कृष्ण हरी!