कृपया प्रतीक्षा करा

तुंगारेश्वरच्या पायथ्याशी एका पाड्यावर जिल्हा परिषदेची शाळा आहे. तिथे पहिली-दुसरीच्या एकत्र वर्गात दहा टॅब एकदम सुरू केले आणि माझी सहा आठवड्यांची मेहनत एकतीस सेकंदांत उघडी पडली. या गोष्टीला आता काही वर्षं झाली. तरी मुलांसाठी सॉफ्टवेअर करणारं कुणी भेटलं की मी आधी ही फजिती सांगतो. ती ऐकल्याशिवाय माझे बाकीचे सल्ले कुणी मनावर घेत नाही.

काम साधं होतं. एका संस्थेला पहिली-दुसरीच्या मुलांसाठी अक्षरओळख आणि अंकओळख शिकवणारं मराठी ॲप हवं होतं. टॅब देणगीतून येणार होते. आम्ही तिघांनी काम वाटून घेतलं आणि सुरुवातीचा पडदा, ज्याला आमच्या धंद्यात स्प्लॅश स्क्रीन म्हणतात, तो मी हट्टाने स्वतःकडे ठेवला. मी वसईतच वाढलेला. म्हटलं, मुलांना आपलं गाव दिसू दे. वसईच्या किल्ल्यामागून सूर्य वर येतो. जीवदानीच्या डोंगरावर दिवे लागतात (सूर्य उगवताना दिवे कशाला, हे कुणीच विचारलं नाही). भाईंदरच्या खाडीपुलावरून विरार लोकल धडधडत येते, तिच्या डब्यांतून एकेक अक्षर उतरतं, लाल-निळं लुकलुकतं आणि ॲपचं नाव तयार होतं. मग देणगीदारांची दोन बोधचिन्हं. शेवटी भारदस्त आवाजात, ‘नमस्कार बालमित्रांनो!’ सगळं मिळून नऊ सेकंद. बैठकीत मोठ्या टीव्हीवर दाखवलं तेव्हा टाळ्या पडल्या. एक साहेब तर म्हणाले, “परत लावा.”

त्या दोन शब्दांनी मी हुरळलो. शाळेतल्या मुलांनीही नेमकं तेच केलं, पण ते पुढे येईल.

शाळेत नऊ सेकंदांची एकतीस कशी झाली, ते आधी सांगतो. कारण ही चूक आजही रोज कुठे ना कुठे होते. माझ्या लॅपटॉपवर सगळं लोण्यासारखं चालायचं. देणगीतल्या टॅबला रॅम एक जीबी. मी ती गाडी सेकंदाला २४ चित्रं अशी नऊ सेकंदांची, म्हणजे २१६ पूर्ण पडद्याची चित्रं एकामागोमाग लावून केली होती. फाइल म्हणून प्रत्येक चित्र इवलंसं. पण पडद्यावर यायचं तर ते मेमरीत पूर्ण उलगडावं लागतं. १२८० गुणिले ८०० ठिपके, दर ठिपक्याला चार बाइट. झाले चार एमबी. गुणिले २१६. साडेआठशे एमबीच्या वर! एक जीबीतून अँड्रॉइडने स्वतःसाठी घेतल्यावर जे काही उरतं त्यात ही अख्खी लोकल बसवायची. सकाळी आठची विरार फास्ट आत माणसं कशी बसवते तो प्रकार टॅबला जमत नाही. तो गुदमरतो, अडखळतो आणि दोन टॅबांवर तर ॲप मुकाट्याने बंदच पडलं.

उरलेले आठ सुरू झाले, प्रत्येक आपापल्या सवडीने. त्यामुळे ‘नमस्कार बालमित्रांनो’ आठ वेळा आलं, एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं, ताल चुकलेल्या भजनासारखं. शेजारच्या वर्गातले गुरुजी दारात येऊन उभे राहिले. बाई मला हळूच म्हणाल्या, “सर, आमच्या वर्गात असं कुणी बोलत नाही.” आवाजाबद्दल बोलत होत्या की ‘बालमित्रांनो’बद्दल, हे मी विचारलं नाही. दोन्ही खरं होतं.

गाडी अडखळली की पडद्याच्या तळाशी एक ओळ येत होती: ‘कृपया प्रतीक्षा करा’. पहिलीतल्या बहुतेकांना ती वाचताच येत नव्हती. दुसरीतल्या एकाने अक्षर अक्षर लावून वाचली आणि ओरडला, “बाई, हिचं नाव आलंय!” वर्गात त्याच नावाची एक मुलगी होती. मग सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिला टॅबमध्ये काहीतरी करायचंय असं सगळ्यांचं मत पडलं आणि ती बिचारी रडवेली झाली. त्या ओळीशेजारी टक्केही होते. ४७ टक्के. ज्यांना वीसपर्यंत आकडे येतात त्यांना शेकडेवारी दाखवणारा मी पहिला नसेन, पण लाज वाटली ती वाटलीच.

तोवर मुलं पडद्यावर बोटं मारत होती. मोठा माणूस थांबतो, कारण आत काहीतरी चाललंय हे त्याला ठाऊक असतं. मुलाच्या लेखी ज्या वस्तूला बोट लावलं आणि हललं नाही, तिला पुन्हा लावायचं, जोरात. हे सगळे स्पर्श टॅबने इमानेइतबारे साठवून ठेवले आणि मुख्य पडदा उघडताच एकदम लागू केले. कुणाचा तिसरा धडा उघडला, कुणाचं सेटिंग. एका टॅबची भाषाच इंग्रजी झाली. म्हणून पहिली सूचना: सुरुवातीचा पडदा असेपर्यंत स्पर्श टिपूच नका, नाहीतर त्या स्पर्शाला तिथल्या तिथे काहीतरी गंमत होऊ द्या. मधलं काही चालत नाही.

आणि मग ती गाडी. ज्यांचा पडदा नीट उघडला त्यांनी धड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी ॲप बंद केलं आणि पुन्हा उघडलं. गाडी आली. पुन्हा बंद, पुन्हा गाडी. वीस मिनिटं हेच चाललं. एकही अक्षर शिकून झालं नाही. मला आधी मनातून बरंच वाटत होतं, हे कबूल करतो. मग बाईंनी विचारलं, “गाडी छान आहे, सर. पण धडा कुठल्या स्टेशनावर येतो?”

परतीच्या रिक्षात मला कळलं की तो पडदा मी मुलांसाठी केलाच नव्हता. किल्ला माझ्या हौसेचा, बोधचिन्हं देणगीदारांची, आवाज बैठकीतल्या साहेबांना आवडेल असा. मुलासाठी त्यात होती फक्त वाट बघणं.

त्याच बाईंच्या कपाटात एक डबा होता. चिंचोके, शिंपले, गुंजा, रंगीत खडे. मुलं वर्गात आली की आधी तो डबा जमिनीवर ओतायची. हजेरी, प्रार्थना सगळं मागाहून. हा वारसा आमच्या जिल्ह्याचाच आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांना तिथे येऊन मिळाल्या आणि पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच उचलून मुलांच्या अंगणात नेली. साधनं म्हणून शिंपले, बिया, पानं, जे हाताशी असेल ते. मूल दारात थांबत नाही, हे त्यांना माझ्याआधी पाऊणशे वर्षं ठाऊक होतं आणि मी त्याच पालघर जिल्ह्यात बसून दाराची कमान सजवत होतो.

दुसऱ्या खेपेला आम्ही बरंच काही पाडलं. काय केलं ते सांगतो. ज्याला जे लागेल ते घ्यावं.

गाडी काढली. ॲप उघडताक्षणी पहिल्या खेळाचंच चित्र, रंग न भरलेलं, रेषांपुरतं दिसतं आणि बाकीचं मागून भरत जातं. यात आमचं डोकं काही नाही. ॲपल स्वतःच सांगतं की सुरुवातीचा पडदा म्हणजे जाहिरातीची जागा नव्हे, तो पहिल्या पडद्यासारखा दिसावा. अँड्रॉइडवर तर २०२१च्या बाराव्या आवृत्तीपासून यंत्रणाच ॲपचं चिन्ह दाखवते आणि ते हलतं ठेवायचं तर एक सेकंदाच्या आत आटपा म्हणते. त्यावर आपला वेगळा पडदा घातला की मुलापुढे दारामागे आणखी एक दार उभं राहतं. जुन्या टॅबवर थोडं थांबावंच लागतं, म्हणून एक कोंबडी ठेवली. तिच्यापुढे पाच दाणे, एकेक टिपते, पाच संपले की तयार. टक्के गेले. कोंबडी अर्ध्या दाण्यावर अडकली तर मुलं बाईंना लगेच सांगतात, ‘ही खातच नाही.’ त्यामुळे बिघाडही आम्हाला लवकर कळायला लागला.

आवाज पहिल्या स्पर्शाशिवाय येत नाही. इतकं साधं कुणी आधी सांगितलं असतं तर! वर्गात टॅब एक नसतो, आठ-दहा असतात, आणि भिंतीपलीकडे दुसरा वर्ग असतो.

खरा मोठा बदल प्रवेशाचा. आधी पडद्यानंतर फॉर्म येत होता: नाव, आडनाव, शाळेचा अकरा अंकी यू-डायस क्रमांक, पालकांचा मोबाइल, त्यावर ओटीपी. पहिलीतलं मूल आणि ओटीपी! ज्या पाड्यावर रेंजसाठी माणसं टाकीवर चढतात तिथे. हे मी का केलं होतं? संस्थेला अहवालात आकडे हवे होते म्हणून. उत्तर शोधताना मला ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ आठवलं, ते हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप. २००७ मध्ये भारतातला त्यांचा पहिला प्रयोग आपल्या रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या धनगरवाड्यावरच्या छोट्या शाळेत झाला होता. त्या प्रकल्पाचं पुढे देशात काय झालं तो वेगळा विषय आणि त्याच्या टीकाकारांशी माझं फारसं भांडण नाही. पण त्यातल्या ‘शुगर’ या प्रणालीची सुरुवात मला आजही शहाणी वाटते. पहिल्यांदा सुरू केलं की ती दोनच गोष्टी विचारायची: तुझं नाव आणि तुझा रंग. पडद्यावर एक छोटी माणसाची आकृती, तिच्यावर टिचकी मारत राहायचं आणि आवडीचे रंग आले की थांबायचं. मग घरचा पडदा उघडायचा. मधोमध तीच आपल्या रंगाची आकृती आणि भोवती गोलात सगळे उद्योग. मूल मध्ये, बाकीचं त्याच्याभोवती.

आम्ही नावही काढून टाकलं. बारा चित्रं ठेवली: बैल, खेकडा, होडी, ताडाचं झाड अशी. मूल आपलं चित्र निवडतं. कोणतं चित्र कुणाचं, ते बाईंच्या वहीत. तिघांत एक टॅब असतो, त्यामुळे चित्र बदललं की मुलगा बदलला. पहिल्याच दिवशी चौघांना खेकडा हवा होता आणि भांडण मिटवायला बाईंना चार रंगांचे खेकडे मागवावे लागले. ते आम्ही दोन दिवसांत दिले. याचा एक फायदा तेव्हा लक्षात आला नव्हता. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालचा प्रत्येकजण मूल ठरवला आहे आणि त्याची माहिती वापरायला पालकांची पडताळता येणारी संमती लागते. जी माहिती आपण घेतलीच नाही, तिची संमती मागावी लागत नाही आणि ती चोरीलाही जात नाही. शिक्षकांची पानं वेगळी ठेवली; दोन कोपरे एकदम तीन सेकंद दाबले की उघडतात. बोधचिन्हं तिथेच गेली. देणगीदारांशी त्यावरून दोन बैठका झाल्या. बैठकीला जाताना मी टीव्ही नेला नाही, सर्वांत जुना टॅब नेला आणि आधीचा पडदा त्यावर लावून दिला. एकतीस सेकंद कुणी काही बोललं नाही.

लुकलुकणाऱ्या अक्षरांबद्दल मी नशीबवान ठरलो. १६ डिसेंबर १९९७ला जपानमध्ये पोकेमॉनच्या एका भागात लाल-निळ्या रंगांची वेगाने उघडझाप झाली आणि शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं. यासाठीचा दंडक असा की सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा काही लखलखू नये. मला हा दंडक माहीत नव्हता; माझी अक्षरं तेच दोन रंग वापरत होती.

आता थोडं अक्षरांबद्दल, कारण ते मराठीवाल्यांशिवाय कुणी सांगणार नाही. आमच्या पडद्यावर ल आणि श हिंदी वळणाचे आले होते. बाई पाठ्यपुस्तक उघडून म्हणाल्या, “मी मुलांना हा ल शिकवते. तुमचा कुठला?” ६ नोव्हेंबर २००९च्या शासन निर्णयाने मराठीचा पाकळीचा ल आणि देठाचा श प्रमाण ठरवले आहेत, २०२२ मध्ये सुधारित निर्णयही निघाला. गंमत म्हणजे बऱ्याच देवनागरी फॉन्टांत मराठी वळणं आधीच असतात, पण मजकुराची भाषा ‘मराठी’ आहे असं सांगितलं तरच ती बाहेर येतात. नालासोपाऱ्यातल्या एका शाळेत तर टॅबच हिंदीत लावलेले होते, तिथे पुन्हा घोळ. तेव्हा यंत्रणेच्या भाषेवर विसंबू नका, ॲपमध्येच भाषा बांधून टाका. चित्र म्हणून अक्षरं काढून ठेवणाऱ्यांनी अर्धा र मोडला नाही ना, तेही बघावं.

गाडी पूर्ण फेकून देववेना. ती शेवटी नेली: पाच उदाहरणं झाली की विरार लोकल येते, हलकी केलेली, चाकंच फिरतात, बाकी चित्र एकच. मुलं धडे करायला लागली. काही पोरं मात्र गाडीसाठी वाट्टेल ती उत्तरं दाबून पाच पूर्ण करायची. मग गाडी बरोबर उत्तरांवर आणली, तर ज्याला येत नाही त्याची गाडीच येईना आणि तो टॅब खाली ठेवून द्यायचा. यावर पक्का तोडगा मला अजून सापडलेला नाही. सध्या चुकून पुन्हा बरोबर केलं तरी चालतं.

त्या दहातला सर्वांत मंद, कोपरा तडकलेला टॅब मी शाळेकडून मागून घेतला, बदल्यात नवा दिला. तो माझ्या पिशवीत असतो. प्रत्येक नवं बिल्ड आधी त्याच्यावर, शक्यतो लोकलमध्ये, एका हाताने लटकत असताना. किती सेकंद लागले ते वहीच्या मागच्या पानावर लिहितो: एकतीस, अकरा, सात, पाच. गेल्या महिन्यात नायगाव सोडल्यावर उघडला तर कोंबडीने दुसरा दाणा टिपायच्या आतच खेळ आला. म्हणजे कोंबडीचं काम संपलं, आता ती काढायला हवी. पहिलीच्या वर्गाला हे कुणी सांगायचं, यावर आमच्या तिघांत अजून एकमत नाही.