आलिशान वाहनाची मालकी : दहा वर्षांचा ताळेबंद

वाहनखरेदीचा दिवस हा कुटुंबाच्या आयुष्यातील उत्सव असतो. नारळ फुटतो, पेढे वाटले जातात, किल्ली हाती येते आणि छायाचित्र निघते. परंतु मालकी म्हणजे तो एक दिवस नव्हे. त्यानंतरची आठ-दहा वर्षे हीच खरी मालकी होय. विशेषतः आलिशान श्रेणीतील छोटेखानी एसयूव्हीच्या बाबतीत खरेदीचा आनंद आणि सांभाळण्याचा खर्च यांतील अंतर मोठे असते. हे अंतर आधीच ओळखणाऱ्या ग्राहकाला वाहन सुख देते. न ओळखणाऱ्याच्या दारात ते केवळ हप्त्यांची आठवण करून देत उभे राहते.

भारतात या श्रेणीची खरी सुरुवात २०१० नंतर झाली. बीएमडब्ल्यूची एक्स१, ऑडीची क्यू३, मर्सिडीझची जीएलए आणि व्होल्वोची एक्ससी४० ही वाहने दशकभराच्या आत येथील रस्त्यांवर आली. यांपैकी क्यू३ची जुळणी छत्रपती संभाजीनगरजवळील शेंद्रा येथे, तर जीएलएची जुळणी पुण्याजवळील चाकण येथे होऊ लागल्याने महाराष्ट्राशी या श्रेणीचा संबंध केवळ ग्राहकाचा राहिला नाही. मोठ्या आलिशान मोटारीपेक्षा लांबीने कमी, किमतीने तुलनेने आटोक्यातील आणि रस्त्यापासून उंच असल्यामुळे मध्यम शहरांतील व्यापारी व व्यावसायिक कुटुंबांना ही वाहने भावली. अशा शहरांपैकी एक म्हणजे वाराणसी.

वाहन आणि त्याचे गाव

वाहनाची पारख ते ज्या गावात राहणार आहे, त्या गावाच्या रस्त्यांवरून करावी. वाराणसीत दोन शहरे एकत्र नांदतात. एक घाटांना लागून असलेले जुने शहर. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा या परिसरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. तेथील गल्ल्यांत मोटार शिरतच नाही. वाहन दूर कोठेतरी उभे करून घरी पायी जावे लागते. दुसरे शहर कॅन्टोन्मेंट, लंका, शिवपूर असे पसरलेले. तेथे मोटार चालते, पण रिक्षा, ई-रिक्षा, दुचाकी आणि यात्रेकरू यांच्या गर्दीतून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच.

शहराबाहेर मात्र चित्र पालटते. जुना ग्रँड ट्रंक रस्ता, म्हणजे आजचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १९, वाराणसीवरून जातो. बाबतपूर विमानतळाकडे जाणारा चौपदरी रस्ता नोव्हेंबर २०१८ मध्ये खुला झाला, त्याच वेळी रिंगरोडचा पहिला टप्पाही सुरू झाला. नागपूरकरांना तर वाराणसीचा रस्ता पूर्वापार ठाऊक आहे. जुन्या क्रमांकानुसार राष्ट्रीय महामार्ग ७ हा वाराणसीपासून निघून रीवा, जबलपूर, नागपूर अशा मार्गाने कन्याकुमारीपर्यंत जात असे. म्हणजे या गावातील वाहनाला आठवड्याचे सहा दिवस मुंगीची चाल आणि एखाद्या दिवशी घोड्याची दौड, असे दुहेरी आयुष्य जगावे लागते. दीर्घकालीन मालकीतील बहुतेक बरे-वाईट अनुभव याच दुहेरीपणातून उद्भवतात.

घसारा आणि कर्जाची शिल्लक

वाहन ही झिजणारी मालमत्ता आहे. घराची किंमत काळाबरोबर वाढू शकते, वाहनाची घटतेच. विम्यासाठी धरल्या जाणाऱ्या घोषित मूल्यात हा घसारा स्पष्ट दिसतो. रूढ कोष्टकानुसार वाहन एक वर्षाचे झाल्यानंतर २० टक्के, दोन वर्षांनंतर ३० टक्के, तीन वर्षांनंतर ४० टक्के आणि चार वर्षांनंतर ५० टक्के वजावट धरली जाते. पाच वर्षांनंतरचे मूल्य विमा कंपनी व ग्राहक यांच्या संमतीने ठरते.

याचा कर्जाशी काय संबंध, हे एका उदाहरणावरून पाहू. समजा, वाहनाची शोरूम किंमत ४३ लाख रुपये आहे आणि कर, नोंदणी, विमा धरून रस्त्यावर येईपर्यंतची किंमत ५० लाख रुपये होते. ग्राहकाने १० लाख रुपये स्वतःचे घातले आणि ४० लाख रुपयांचे कर्ज ९ टक्के दराने सात वर्षांसाठी घेतले. मासिक हप्ता सुमारे ६४,३५६ रुपये येईल. हेच कर्ज पाच वर्षांसाठी घेतल्यास हप्ता सुमारे ८३,०३३ रुपये होईल. सात वर्षांचा हप्ता हलका वाटतो, हे उघड आहे. परंतु एकूण व्याज सात वर्षांत सुमारे १४ लाख ६ हजार, तर पाच वर्षांत सुमारे ९ लाख ८२ हजार रुपये होते.

याहून महत्त्वाची बाब पुढे आहे. तीन वर्षे नियमित हप्ते भरल्यावर सात वर्षांच्या कर्जाची शिल्लक सुमारे २५ लाख ८६ हजार रुपये उरते. त्याच वेळी वाहनाचे घोषित मूल्य ४३ लाखांच्या ६० टक्के, म्हणजे २५ लाख ८० हजार रुपये असते. दुर्दैवाने त्या सुमारास वाहन चोरीस गेले वा अपघातात पूर्णतः नष्ट झाले, तर विम्याची सारी रक्कम कर्ज फेडण्यातच संपते आणि वर सहा हजार रुपये खिशातून द्यावे लागतात. घातलेले १० लाख आणि तीन वर्षांचे हप्ते यांतून हाती काहीच उरत नाही. पाच वर्षांच्या कर्जात हीच शिल्लक सुमारे १८ लाख १८ हजार असते आणि ग्राहकाकडे साडेसात लाखांहून अधिक रक्कम उरते. म्हणून कर्जाची मुदत ठरवताना हप्ता किती झेपतो, एवढेच न पाहता वाहनाचे मूल्य आणि कर्जाची शिल्लक यांची शर्यत कोण जिंकणार, हेही पाहावे. संपूर्ण नुकसानीच्या वेळी मूळ बिलाइतकी रक्कम मिळवून देणारे जादा विमासंरक्षण उपलब्ध असते. मात्र ते ठराविक वर्षांपुरतेच मिळते, हे लक्षात ठेवावे.

घसाऱ्याला सरकारी करांतील बदलही हातभार लावतात. चार मीटरहून लांब व १,५०० घन सेंटिमीटरहून मोठ्या इंजिनाच्या एसयूव्हीवर पूर्वी जीएसटी व भरपाई उपकर मिळून ५० टक्के आकारणी होत असे. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर जाऊन दर ४० टक्के झाला. नव्या वाहनाची किंमत उतरली, की जुन्या वाहनाच्या बाजारभावावरही दडपण येते. नवा ग्राहक सुखावतो आणि आदल्या वर्षीचा ग्राहक हळहळतो. अशा धक्क्यांची तजवीज कोणत्याही कोष्टकात नसते.

दहा वर्षांचा हिशेब

वरील वाहन दहा वर्षे ठेवले आणि वर्षाला ८,००० किलोमीटर चालवले, असे धरू. ५० लाखांचे वाहन दहाव्या वर्षी ८ लाखांना विकले गेले, तर ४२ लाख रुपये मूल्यघट झाली. पाच वर्षांच्या कर्जाचे व्याज ९ लाख ८२ हजार. लिटरला १० किलोमीटर आणि १०० रुपये असा दर धरल्यास इंधन ८ लाख. पहिले वर्ष सोडून विम्याची नऊ नूतनीकरणे सरासरी ८० हजारांप्रमाणे ७ लाख २० हजार. देखभाल व दुरुस्ती पहिली पाच वर्षे ५० हजार आणि पुढील पाच वर्षे १ लाख दरसाल, एकूण साडेसात लाख. टायरचे दोन संच २ लाख. बेरीज होते सुमारे ७६ लाख ५२ हजार रुपये. म्हणजे महिन्याला जवळजवळ ६४ हजार आणि किलोमीटरला सुमारे ९६ रुपये.

आकडे प्रत्येकाचे वेगळे असतील, पण प्रमाणातून मिळणारा बोध सारखाच राहील. ज्या इंधनदराची चर्चा घरोघरी होते, त्याचा वाटा एकूण खर्चात एक दशांशाच्या आसपासच आहे. खरा खर्च मूल्यघट, व्याज, विमा आणि देखभाल यांचा आहे. हे वाहन दारात उभे असतानाही होतच राहणारे खर्च आहेत. त्यामुळे कमी फिरणाऱ्या कुटुंबाने केवळ इंधन वाचते म्हणून डिझेल वाहन निवडणे हिशेबाला धरून नाही.

गल्लीची चाल आणि महामार्गाचे इंजिन

डिझेलच्या निवडीला तांत्रिक बाजूही आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले. त्यानुसार डिझेल वाहनांच्या धूरनळीत काजळी अडवणारी गाळणी असते. साठलेली काजळी जाळून टाकण्यासाठी या गाळणीला सहाशे अंश सेल्सियसच्या आसपास तापमान लागते आणि ते वाहन काही काळ सलग वेगाने धावले, तरच मिळते. कॅन्टोन्मेंट ते लंका एवढ्याच फेऱ्या करणाऱ्या वाहनात हे घडत नाही. गाळणी तुंबते, सूचनादिवा लागतो, आणि दुर्लक्ष केल्यास इंजिनाची शक्ती घटते. उपाय साधा आहे. आठवड्या-पंधरवड्यातून एकदा बाबतपूरच्या रस्त्याने किंवा प्रयागराजच्या दिशेने महामार्गावर वीस-पंचवीस मिनिटे सलग वाहन चालवावे. ज्यांना तेवढी सवड नाही, त्यांनी पेट्रोल किंवा विजेवरील वाहनाचा विचार करावा. विजेच्या वाहनांवर जीएसटी ५ टक्के आहे आणि थांबत-थांबत चालण्याचा त्यांना त्रास नाही. मात्र घरापाशी चार्जिंगची हक्काची सोय हवी. गल्लीत राहणाऱ्यांना नेमकी तीच दुर्मीळ.

दुहेरी क्लचच्या स्वयंचलित गिअरपेटीचेही असेच आहे. गर्दीत इंचाइंचाने पुढे सरकत राहिल्यास क्लच तापतो. पुढे थोडी मोकळी जागा होऊ द्यावी, मग वाहन हलवावे आणि मध्ये ब्रेक पूर्ण दाबून ठेवावा. चालकाच्या या लहानशा सवयीवर पुढचे मोठे बिल अवलंबून असते.

उन्हाळ्यातील प्रखर ऊन आणि बारमाही धूळ यांचा परिणाम रबर, बॅटरी व हवेच्या गाळण्यांवर होतो. टायरच्या कडेवरील चार आकडी खूण त्याचे वय सांगते. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. कमी चालणाऱ्या वाहनाचे टायर झिजण्याआधीच वयाने कडक होतात. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते, म्हणून किलोमीटर कितीही कमी झाले असले, तरी ते साधारणतः दोन वर्षांनी बदलावे.

पुराचे पाणी आणि विम्यातील कलम

वाराणसीत गंगेची धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर आहे. १९७८ साली पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढले होते. पूर आला की वरुणाकाठच्या वस्त्या आणि सखल भाग पाण्याखाली जातात. अशा वेळी होणारे सर्वांत महागडे नुकसान पुरामुळे नव्हे, तर घाईमुळे होते. पाण्यात बंद पडलेले वाहन पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न केल्यास पाणी इंजिनात ओढले जाते. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे आतील दांडे वाकतात. साध्या सर्वंकष विम्यात या नुकसानीला बहुधा ‘परिणामी हानी’ मानून भरपाई नाकारली जाते. त्यासाठी इंजिन-संरक्षणाचे वेगळे कलम घ्यावे लागते. तरीही पहिला नियम एकच : पाण्यात बंद पडलेले वाहन सुरू करू नये, ओढून न्यावे.

दुसरे कलम घसाऱ्याविषयी आहे. दुरुस्तीच्या दाव्यात प्लास्टिक व रबरी भागांच्या किमतीतून ५० टक्के वजा होतात. आलिशान वाहनाच्या पुढच्या भागात बहुतांश प्लास्टिकच असल्याने शून्य-घसारा संरक्षण येथे चैन नसून गरज ठरते.

कागदपत्रांची निगा

निवृत्तीनंतर काशीवासासाठी महाराष्ट्रातून येणारी काही मंडळी वाहनही सोबत आणतात. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या वाहनाला मोटार वाहन कायद्यानुसार तेथील नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि कर्ज असल्यास बँकेची संमती आधी मिळवावी.

१० लाखांहून अधिक किमतीच्या वाहनावर विक्रेता २०१६ पासून १ टक्का कर गोळा करतो. हा ग्राहकाच्या नावे जमा होणारा प्राप्तिकर असून विवरणपत्रात त्याचे श्रेय घेता येते. ४३ लाखांच्या वाहनावर ही रक्कम ४३ हजार होते. ती विसरणे परवडणारे नाही. कर्ज फिटल्यावर बँकेचे पत्र व नमुना ३५ सादर करून नोंदणी पुस्तकावरील बँकेचा बोजा उतरवावा. हप्ते संपले म्हणजे नोंद आपोआप निघते, हा गैरसमज विक्रीच्या दिवशी महागात पडतो. देखभालीची सर्व बिले क्रमाने जपावीत. जुन्या वाहनाची खरी जन्मपत्रिका तीच असते.

समारोप

आलिशान वाहन घेणे हा अपव्यय नव्हे. सुरक्षितता, आराम आणि दीर्घ प्रवासातील निर्धास्तपणा यांना मोल आहे. वृद्ध आईवडिलांना घेऊन प्रयागराजला जाणाऱ्या कुटुंबाला ते पटलेले असते. मात्र अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण येथे थोडी पुढे नेली पाहिजे : अंथरूण आजचे नव्हे, सातव्या-आठव्या वर्षीचे पाहावे. वॉरंटी संपलेली, मुलांच्या उच्च शिक्षणाचा खर्च समोर आलेला आणि त्याच महिन्यात वाहनाची मोठी दुरुस्ती निघालेली, असे वर्ष बहुधा येतेच. त्या वर्षासाठी पहिल्या महिन्यापासून काही रक्कम आवर्ती ठेवीत बाजूला टाकणारा ग्राहक निश्चिंत राहतो. दरमहा पाच हजार रुपये टाकल्यास पाच वर्षांत व्याज सोडूनही तीन लाख रुपये जमतात.

ज्याला हप्त्याबरोबर ही ठेवही झेपते, त्याला ते वाहन झेपते. ज्याला केवळ हप्ता झेपतो, त्याने एक पायरी खालचे वाहन निवडावे किंवा आणखी दोन वर्षे थांबावे. गंगेचा घाट दोघांनाही सारखाच मिळतो आणि शेवटच्या गल्लीत दोघांनाही पायीच जायचे असते.