कोयत्याच्या गावातल्या वर्गाविषयी

चि. सोनू,


तुझं पत्र पोचलं. बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासारसारख्या तालुक्यात पहिलीच नेमणूक, एकटीनं राहणं, दोन वर्ग एकत्र सांभाळणं, हे सगळं तू निभावते आहेस याचं मला कौतुक आहे. पण पत्रातलं एक वाक्य मनातून जाईना. "आत्या, इथल्या पालकांना शिक्षणाची पर्वाच नाही, दिवाळी झाली की पोरं घेऊन चालू लागतात," असं तू लिहिलंस. त्या वाक्यासाठीच लिहायला बसले आहे. शिक्षकाच्या मनात हे एकदा पक्कं झालं की त्याचं शिकवणंच सुटतं, आणि तुझं सुटावं असं मला वाटत नाही.

ते ऊसतोडीला का जातात, हे आधी नीट पाहा. बालाघाटच्या डोंगररांगेवरचा तुझा तालुका पर्जन्यछायेत आहे. जमीन हलकी, वाट्याला एक-दोन एकर, अनेकांकडे तेवढीही नाही. वंजारी, बंजारा, दलित, भटक्या जमातींची ही माणसं खरिपाचं जे काही हाती येईल ते घेतात आणि मग सहा महिने घरात बसून खायला काही उरत नाही. इकडे कृष्णा-पंचगंगेच्या काठी बारमाही पाणी, त्या पाण्यावर ऊस, उसावर कारखाने. म्हणून बीडचा माणूस सांगली, कोल्हापूर, थेट बेळगावपर्यंत जातो. कुणाचा जन्म नदीच्या कोणत्या बाजूला झाला, एवढ्यावर एक जण ऊस लावतो आणि दुसरा तो तोडतो. यात कुणाच्या आळसाचा किंवा हुशारीचा संबंध कुठे आला?

आता उचलीचं समजून घे. मजूर पुरवणारा मुकादम हंगामाआधीच नवरा-बायकोला मिळून, म्हणजे एका कोयत्याला, हजारांत किंवा लाखाच्या घरात उचल देतो. ते पैसे मुलीच्या लग्नात, आजारपणात, जुन्या देण्यात दिवाळीआधीच संपलेले असतात. मग टनावर तोड करून ते फेडायचे. दिवस भरला नाही की खाडा, आणि खाड्याचे पैसे वर कापले जातात. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, उचल फिटली नाही, तर उरलेली रक्कम पुढच्या हंगामाच्या माथी बसते. जायचं की नाही, हे ठरवायचा अधिकार त्या बापाकडे दिवाळीत नसतोच. तो भाद्रपदात उचल घेतली तेव्हाच गेलेला असतो.

आणि पोरं? आजी-आजोबा धडधाकट असतील तर ती मागे राहतात. नसतील तर कारखान्याच्या तळावर, पाचटाच्या कोपीत. आई-बाप पहाटे अंधारात फडात जातात. तुझ्या वर्गातली अकरा वर्षांची मुलगी तिथे पाणी भरते, भाकरी थापते, धाकट्याला कडेवर घेऊन फडाच्या बांधावर बसते, उसाचे वाढे बांधायला हात लावते. एप्रिलमध्ये ती परत येते तेव्हा भागाकार विसरलेली असते. तिला मठ्ठ म्हणायला एक क्षण पुरतो. पण तुला किंवा मला पाच महिने त्या कोपीत ठेवलं असतं, तर आपल्याला तरी किती भागाकार आला असता?

तिच्या आईचंही ऐक. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली २०१९ मध्ये नेमलेल्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या ८२ हजारांहून जास्त बायकांची माहिती घेतली. त्यांतल्या १३ हजारांहून जास्त बायकांचं गर्भाशय काढलेलं होतं, अनेकींचं ऐन तरुण वयात. पाळीच्या दिवसांत फडात ना आडोसा ना पाणी, दुखणं अंगावर काढलं तरी खाडा परवडत नाही, आणि खासगी दवाखान्यात 'पिशवी काढून टाका' हा सल्ला सहज मिळतो. अशी आई वयात आलेल्या मुलीला गावात कुणाच्या भरवशावर ठेवणार, आणि तळावर कुणाच्या नजरेखाली? म्हणून ती लग्न उरकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत अठराच्या आत लग्न झालेल्या मुलींचं प्रमाण महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के निघालं आणि बीडमध्ये त्याच्या जवळपास दुप्पट. बीडच्या आया इतर जिल्ह्यांतल्या आयांपेक्षा निष्ठुर आहेत, असं तुला वाटतं का? मला वाटत नाही. भीती मात्र त्यांच्या वाट्याला जास्त आली आहे.

आता तुझ्याबद्दल लिहिते, राग मानू नकोस. तू अभ्यास केलास, मेहनत केलीस, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण लातूरला तुझ्या बाबांचा बँकेतला पगार दर महिन्याला येत होता. दहावीला घरातला टीव्ही बंद होता, शिकवणीची फी वेळेवर भरली जात होती. बारावीत गणितात घसरलीस तेव्हा पुन्हा परीक्षेला बसायची ऐपत घरात होती, आणि 'बस पुन्हा' म्हणणारं माणूसही होतं. माझं इतक्या वर्षांचं निरीक्षण असं आहे की बुद्धी सगळ्या वस्त्यांत सारखीच वाटलेली असते. परिस्थितीनं फरक पडतो तो कुणाला किती वेळा चुकता येतं यात. तुला दोन-तीनदा चुकता आलं. तळावरून आलेल्या मुलीचा सातवीतला एक हंगाम बुडाला, की आठवीत लहान पोरांबरोबर बसायची लाज, आणि त्या लाजेपाठोपाठ लग्न.

ऊसतोड मजुराचा मुलगा अधिकारी झाल्याची बातमी पेपरात येते, फोटो छापतात, आई-बापाच्या हातात पेढे असतात. त्या मुलाचा मला अभिमानच वाटतो. पण ती बातमी वर्गात वाचून 'बघा, तो करू शकला, मग तुम्ही का नाही?' असं कधी विचारू नकोस. त्याला कुणी ठेवून घेतलं, कोणत्या मावशीनं जेवायला घातलं, कोणत्या गुरुजींनी फी भरली, हे विचार आणि तेच मुलांना सांग.

आपल्याकडच्या मोठ्या माणसांनी हे फार पूर्वी ओळखलं होतं. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, त्यात किमान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं प्राथमिक शिक्षण मागितलं. शाहू महाराजांनी शिक्षणासाठी फर्मानं काढली, तशीच कोल्हापुरात वसतिगृहंही उभी केली, कारण खेड्यातल्या पोराला शाळेआधी शहरात अंग टाकायला जागा लागते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं वसतिगृह सुरू केलं. त्या मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने गेले, शेवटी मंगळसूत्रही गेलं. पोरं हुशार आहेत का, हे त्यांनी आधी विचारलं नाही. ती कुठे झोपतात आणि काय खातात, हे विचारलं.

तुझ्या वर्गासाठीही प्रश्न तोच आहे. मात्र त्यांची कीव करू नकोस. 'बिचारी पोरं, यांना एवढं पुरे' म्हणून सोपं करून शिकवणारा शिक्षक त्यांचं दुप्पट नुकसान करतो. पाढे पुरे तीसपर्यंत घे, वाचन खणखणीत करून घे, पण परत आलेल्या मुलाला एप्रिल-मेमध्ये बुडालेलं शिकवायला वेळ दे. जी पोरं जाणारच आहेत, त्यांची वह्या-पुस्तकं बरोबर बांधून दे, आणि तळाजवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन कर. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं वयानुरूप वर्गात प्रवेश द्यावाच लागतो, दाखला उशिरा आला म्हणून मुलाला अडवता येत नाही. हे कुणी मान्य करायला कुरकुर केली, तर नमतं घेऊ नकोस.

सगळ्यात निकडीचं काम हंगामी वसतिगृहाचं, म्हणजे तोडीच्या हंगामात मुलांची गावातच राहण्या-जेवण्याची सोय करण्याचं आहे. शाळा व्यवस्थापन समितीची बैठक टोळ्या निघायच्या आधी लाव, दिवाळीनंतर तिचा काही उपयोग नाही. घरोघरी जा, कोणाच्या आजी-आजोबांकडे मूल राहू शकेल ते विचार, यादी कर, आणि प्रस्ताव केंद्रप्रमुखांकडे स्वतः नेऊन पोच घे. सातवी-आठवीच्या मुलींसाठी २०२१ साली मंजूर झालेल्या संत भगवानबाबा वसतिगृह योजनेची चौकशी समाजकल्याण कार्यालयात कर. एखादी आई 'नको' म्हणाली तर वाद घालू नकोस, दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. मुलगी कुठे झोपेल, दाराला कडी आहे का, रात्री सोबत कोण असेल, हे तिला आधी सांग. शाळेचं नाव त्यानंतर काढ.

यादीत किती मुलं आली आणि प्रस्ताव कधी गेला, ते मला लगेच कळव. वसतिगृहाच्या अन्नधान्यात काही कमी पडलं तर माझं निवृत्तिवेतन आहे, संकोच करू नकोस.

तुझी,
आत्या