बिंब राजा : होता की नव्हता?

(हरिहरेश्वरच्या देवळाबाहेर, समुद्राकडेची प्रदक्षिणा आटोपून बसलेले मामा आणि भाची.)

भाची : मामा, मालिकेतला तो व्हायकिंग राजा रॅग्नर खरंच होऊन गेला का रे?

मामा : त्याचे म्हणून जे मुलगे सांगतात, त्यांतल्या काहींची नावं नवव्या शतकातल्या इंग्लंडच्या इतिवृत्तात आहेत. बापाची रसभरीत कहाणी मात्र तीनेकशे वर्षांनी लिहिली गेली. पण एवढं लांब कशाला? आपल्या उत्तर कोकणात बिंब राजा आहेच की!

भाची : माहीम वसवणारा?

मामा : तोच. महिकावतीच्या बखरीप्रमाणे प्रतापबिंब शके 1060 मध्ये, म्हणजे 1138 साली, कोकणात उतरला. दुसरी परंपरा सांगते, बिंबदेव हा देवगिरीच्या रामदेवराव यादवांचा मुलगा. अलाउद्दीन खिलजीच्या 1296 च्या स्वारीनंतर तो इकडे आला.

भाची : दीडशे वर्षांचं अंतर! मग राजा एक की दोन?

मामा : तिथंच तर घोडं अडतं. 1138 च्या सुमारास ठाण्याला शिलाहार अपरादित्य राज्य करत होता. त्याचे कोरीव लेख आहेत, शिवाय काश्मीरच्या मंख कवीनं त्याच्या दूताचा उल्लेख केलाय. बिंबाची सगळी भिस्त मात्र बखरीवर आणि कुळांच्या आठवणींवर.

भाची : आणि बखर कधीची?

मामा : ती एका हातची नाही. केशवाचार्यांचा भाग 1448 चा. वि. का. राजवाड्यांनी ती 1924 साली छापली. केशवाचार्यांच्या काळी इथं गुजरातच्या सुलतानांचा अंमल होता. आपली कुळं, गोत्रं विस्मरणात जाऊ नयेत म्हणून मालाडच्या नायकोरावानं लोक जमवले आणि ती सांगायला लावली.

भाची : म्हणजे बिंब खोटाच?

मामा : तसंही म्हणवत नाही. हा हरिहरेश्वर ज्यांचं कुलदैवत, त्या श्रीवर्धनच्या भटांचं बघ. बाळाजी विश्वनाथांना 1713 मध्ये पेशवाई मिळाली, याला कागदांचा आधार आहे. बिंबाला तसा नाही. त्यामुळे ही बखर 1138 साठी कच्चा पुरावा. पण 1448 च्या लोकांना आपलं मूळ कुठलं वाटत होतं, यासाठी पक्का. कुळाची कहाणी जपावी जरूर, पण इतिहास म्हणून सांगण्याआधी ती कधी लिहिली आणि कुणी, हे विचारावं.