घराजवळचा युरोप : दमण, वसई, कोर्लई आणि आपली सुरत



मे महिना जवळ आला की वर्तमानपत्रांत युरोपच्या सहलींच्या जाहिराती झळकू लागतात. समुद्रकाठची टुमदार गावे, जुने किल्ले, चर्च, दगडी रस्ते! आपल्यापैकी बहुतेकांची सुट्टी मात्र उधन्याहून भुसावळच्या गाडीत बसून नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरकडे जाण्यात संपते. मामाचे गाव हवेच, त्याला पर्याय नाही. पण सुट्टीतले चार-पाच दिवस वेगळे काढले, तर युरोपीय लोकांनी वसवलेली आणि लढवलेली समुद्रकाठची गावे आपल्याला आगगाडीने, एस.टी.ने पाहता येतात. गेल्या उन्हाळ्यात आम्ही घरातील पाच जणांनी ती पाहिली. सोबत आजी होत्या आणि पाचवी व आठवीतली दोन मुले होती.

या सहलीला एक कारणही घडले होते. आमच्या आठवीतल्या मुलाला सोसायटीतला एक मित्र सहज बोलून गेला, "तुमच्या शिवाजीने आमची सुरत लुटली ना?" मुलगा घरी येऊन गप्प बसला. सुरतेत राहणाऱ्या मराठी घरांत हा प्रश्न कधी ना कधी येतोच. चिडून किंवा हसण्यावारी नेऊन तो सुटत नाही. त्याचे उत्तर शोधायला आम्ही समुद्राच्या कडेने निघालो. सुरुवात अर्थातच घरापासून केली.

पहिला दिवस : सुरत

चौकबाजारातून आपण शंभर वेळा जातो, पण तापीकाठचा किल्ला थांबून किती जणांनी पाहिला आहे? सोळाव्या शतकाच्या चौथ्या-पाचव्या दशकात गुजरातच्या सुलतानाचा सरदार खुदावंदखान याने तो बांधला. तो बांधला गेला पोर्तुगिजांच्या भीतीने. पोर्तुगिजांनी १५३० मध्ये सुरत आणि तापीपलीकडचे रांदेर ही दोन्ही शहरे लुटून जाळली होती. म्हणजे सुरतेवर संकट पहिल्यांदा आले ते समुद्रातून. महानगरपालिकेने किल्ल्याची दुरुस्ती करून आत संग्रहालय केले आहे. ते पाहायला दोन-तीन तास हाताशी ठेवावेत.

पुढे मोगलांच्या काळात सुरत हे पश्चिम किनाऱ्यावरचे सर्वांत श्रीमंत बंदर झाले. हजची जहाजे येथूनच सुटत. १६०८ मध्ये विल्यम हॉकिन्सचे 'हेक्टर' जहाज येथे आले. १६१२ मध्ये सुवालीच्या समुद्रात इंग्रजांनी पोर्तुगीज गलबतांचा पराभव केला आणि १६१३ मध्ये बादशहा जहांगीरच्या परवानगीने त्यांची वखार सुरू झाली. मागोमाग १६१६ मध्ये डच आणि १६६८ मध्ये फ्रेंच आले. ज्या सुवालीला आपण रविवारी मक्याची कणसे खायला जातो, त्याच किनाऱ्यावर १६१५ मध्ये इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो उतरला होता.

कतारगाम भागात इंग्रजांची आणि डचांची जुनी दफनभूमी आहे. एखाद्या छोट्या राजवाड्यासारखी घुमटांची थडगी पाहून मुले चकित झाली. इंग्रजांच्या दफनभूमीत जॉर्ज ऑक्सेंडेनचे थडगे आहे. १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर आले, तेव्हा इंग्रजांची वखार लढवणारा हाच तो अधिकारी. डचांच्या दफनभूमीत व्हान रीड याची कबर आहे. केरळच्या वनस्पतींवरचा 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ त्याने तयार करवून घेतला. १६७८ साली ॲमस्टरडॅमला छापलेल्या त्याच्या पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन वैद्यांचे प्रमाणपत्र आहे. भाषा कोकणी आणि लिपी आपली नागरी! एका डच माणसाच्या पुस्तकात छापलेल्या नागरी अक्षरांचा हा धागा आपल्या शहरातल्या एका कबरीपर्यंत येऊन पोहोचतो.

दुसरा दिवस : दमण

दमण म्हटले की सुरतेतल्या मोठ्या माणसांच्या चेहऱ्यावर एक वेगळेच हसू येते. त्या हसण्यामुळेच पुष्कळ कुटुंबे दमण नीट पाहत नाहीत. वापी स्थानकावर उतरून रिक्षाने अर्ध्या तासात आपण तेथे पोहोचतो. दमणगंगेच्या उत्तरेला नानी दमण, दक्षिणेला मोटी दमण आणि दोन्ही काठांवर एकेक किल्ला आहे. १५५९ मध्ये पोर्तुगिजांनी दमण घेतले. मोटी दमणच्या तटबंदीच्या आत आजही कचेऱ्या चालतात, माणसे राहतात. १६०३ मध्ये पूर्ण झालेल्या बॉम जीजस चर्चमधील लाकडी कोरीवकाम पाहताना आजीही बराच वेळ थांबल्या.

दमण स्वतंत्र झाले ते १५ ऑगस्ट १९४७ ला नव्हे. त्यासाठी डिसेंबर १९६१ उजाडावा लागला. म्हणजे पोर्तुगीज राजवट येथे चारशे दोन वर्षे टिकली. दमणवर चालून गेलेल्या भारतीय सैन्यात मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन होती. त्याआधी १९५४ मध्ये शेजारच्या दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिसंग्रामात गायक-संगीतकार सुधीर फडके आणि इतिहासकार बाबासाहेब पुरंदरे यांच्यासारखे मराठी स्वयंसेवक गेले होते. गुजरातच्या या टोकाशी आपले नाते फक्त १६६४ चे नाही, हे मुलाला येथे प्रथम जाणवले.

तिसरा दिवस : वसई

वसई रोड स्थानकावरून किल्ला दहा किलोमीटरच्या आसपास आहे. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगिजांना दिली. तटाच्या आत त्यांनी पुरते शहर वसवले आणि त्यांच्या 'उत्तर प्रांता'चा कारभार तेथून चालू लागला. आज छपरे नाहीत, कमानी आहेत, वडा-पिंपळाची मुळे भिंतींत शिरली आहेत. मे महिन्यातले ऊन कडक असते. पाणी आणि टोप्या न्याव्यात, आणि पडक्या भिंतींवर मुलांना चढू देऊ नये.

१७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने दीर्घ वेढ्यानंतर, सुरुंग लावून आणि फार मोठी माणसे गमावून वसई घेतली. विजयानंतर शरण आलेल्या पोर्तुगिजांना त्यांच्या कुटुंबांसह आणि सामानासह सन्मानाने जाऊ दिले गेले. चर्चमधील मोठ्या घंटा मात्र विजयाची खूण म्हणून देशावर गेल्या. नाशिकला पंचवटीत नारोशंकराची घंटा तुम्ही पाहिली असेल, ती वसईची. भीमाशंकरला आणि वाईजवळच्या मेणवलीलाही अशा घंटा आहेत.

एवढे ऐकून मुलाने विचारले, "मग येथले ख्रिस्ती लोक पोर्तुगिजांबरोबर निघून गेले का?" ते गेले नाहीत. ते येथलेच होते. वसईच्या वाड्यांमधून आजही ख्रिस्ती कुटुंबे घरात सामवेदी म्हणजेच कादोडी बोली बोलतात, आणि त्यांच्यातल्या वयस्क बायका लाल लुगडे नेसतात. याच मातीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' मराठीत आणले आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. आणखी मागे गेलो तर फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूने गोव्यात मराठी ओव्यांत 'क्रिस्तपुराण' लिहिले. ते १६१६ मध्ये छापले गेले. धर्म, राजवट आणि भाषा यांच्या सीमा एकाच रेषेवरून जात नाहीत, हे वसईत डोळ्यांना दिसते.

चौथा दिवस : रेवदंडा आणि कोर्लई

गेट वे ऑफ इंडियावरून लाँचने मांडवा, तेथून अलिबाग आणि पुढे एस.टी.ने रेवदंडा. पावसाळ्यात लाँच बंद असते, म्हणून ही सहल मे महिन्यातच करावी. रेवदंड्याजवळचे चौल हे फार जुने बंदर. पंधराव्या शतकात रशियन प्रवासी अफनासी निकितिन येथे उतरला होता. त्याचे स्मारक रेवदंड्यात आहे. पुढे पोर्तुगिजांनी येथे किल्ला बांधला आणि १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला. खाडीच्या पलीकडे डोंगराच्या सोंडेवर कोर्लईचा किल्ला आहे.

आम्हांला किल्ल्यापेक्षा पायथ्याचे गाव महत्त्वाचे वाटले. कोर्लईतील ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून झालेली एक भाषा बोलली जाते. लोक तिला 'नौ लिंग' म्हणतात. त्याचा अर्थ 'आमची भाषा'. बोलणारी माणसे हजाराच्या आसपास. तिला स्वतःची लिपी नाही, त्या भाषेत शाळा चालत नाही, कचेरीत तिचा उपयोग नाही. पोर्तुगीज जाऊन पावणेतीनशेहून अधिक वर्षे झाली. तरीही ती टिकली, कारण आई मुलाशी तीच बोलते आणि माणसे मासळी विकून घरी आल्यावर तीच बोलतात. बाहेर मात्र सर्वांना उत्तम मराठी येते.

येथे पालकांशी आणि विश्वस्तांशी दोन शब्द बोलावेसे वाटतात. आपल्या वडीलधाऱ्यांनी सुरतेत येऊन गिरण्यांत, मागांवर, कचेऱ्यांत घाम गाळला आणि मराठी शाळा उभ्या केल्या. आपल्याकडे शाळा आहे, पाठ्यपुस्तक आहे, ग्रंथालय आहे, हे पत्रकही आहे. कोर्लईकडे यातले काहीच नव्हते. तरी संध्याकाळी जेवायला बसल्यावर आपल्या किती घरांत मराठीत पूर्ण वाक्य बोलले जाते? मुलांनी गुजराती आणि इंग्रजी उत्तम शिकलेच पाहिजे, कोर्लईची मुलेही बाहेरची भाषा शिकतातच. पण घरची भाषा शाळा एकटी टिकवू शकत नाही. ते काम स्वयंपाकघरातच होते.

मग त्या प्रश्नाचे उत्तर?

परतीच्या गाडीत आम्ही मुलाबरोबर उत्तर जुळवले. ते असे.

होय, महाराजांनी १६६४ च्या जानेवारीत आणि पुन्हा १६७० च्या ऑक्टोबरमध्ये सुरत लुटली. पहिल्या लुटीआधी शायिस्ताखान जवळजवळ तीन वर्षे पुण्यात तळ देऊन स्वराज्याचा मुलूख उद्ध्वस्त करत होता. त्या नुकसानीची भरपाई मोगलांच्या सर्वांत श्रीमंत बंदरातून करणे हा युद्धाचा भाग होता. महाराजांनी आधी खंडणी मागितली होती. शहराचा सुभेदार इनायतखान रयतेला वाऱ्यावर सोडून किल्ल्यात लपून बसला. फ्रेंच प्रवासी बर्निए लिहितो, की महाराजांनी कॅपुचिन धर्मगुरू फादर ॲम्ब्रोज यांना आणि एका दानशूर हिंदू दलालाच्या घराला धक्का लावला नाही.

पण हेही खरे, की घरे जळली, व्यापारी लुटले गेले आणि सामान्य सुरतकर घाबरून पळाला. ते दुःख त्यांच्या आठवणीत राहिले असेल तर त्यात नवल नाही. आपण पोर्तुगिजांनी जाळलेल्या गावांची आठवण ठेवतो, तसेच ते. म्हणून मित्राला सांगायचे, "हो, लुटली. का लुटली ते मी तुला सांगतो, आणि तुमच्या लोकांनी काय सोसले ते तू मला सांग." असे बोलणारी दोन मुले भांडत नाहीत.

आणि त्याला आणखी एक गोष्ट सांगायची. १८४४ मध्ये याच सुरतेत दुर्गाराम मेहता यांच्याबरोबर 'मानवधर्म सभा' स्थापन करणाऱ्यांत दादोबा पांडुरंग होते. मराठीचे व्याकरण लिहिणारे तेच दादोबा. ते येथे शिक्षक होते. सुरतेला आलेला मराठी माणूस घोड्यावरूनच आला असे नाही, कुणी खडू घेऊनही आला.

सुट्टीतील स्वाध्याय

१. बटाटा, चावी, पगार, इस्त्री, कोबी, हापूस, नाताळ हे शब्द मराठीत आणि गुजरातीतही आहेत, आणि सर्व पोर्तुगिजांकडून आलेले आहेत. असे आणखी पाच शब्द शोधा. आजी-आजोबांची आणि गुजराती शेजाऱ्यांची मदत घ्या.

२. सुरत, दमण, वसई आणि रेवदंडा नकाशावर दाखवा. प्रत्येक गाव नदीच्या किंवा खाडीच्या मुखाशी का आहे, ते चार ओळींत लिहा.

३. सुरतेचा किल्ला पाहून या. तो कोणाच्या भीतीने बांधला आणि १६६४ मध्ये त्यात कोण लपले, हे गुजराती मित्राला त्याच्या भाषेत सांगा.

४. आपले कुटुंब सुरतेत कोणत्या साली, कोणत्या गावाहून आणि कोणत्या कामासाठी आले, ते घरातील सर्वांत वयस्क व्यक्तीला विचारून एक पान लिहा. पान मराठीतच हवे. शुद्धलेखनाच्या चुका झाल्या तरी चालतील, त्या वर्गात सुधारू. शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात ही पाने वर्गशिक्षकांकडे द्यावीत.