बलवर्धक भुकटी घ्यावी काय?

गेल्या सत्रांत वरच्या वर्गांतील कांहीं विद्यार्थ्यांनीं आम्हांस विचारलें कीं, शरीर कमाविणारानें प्रोटीनची भुकटी घ्यावी किंवा कसें? नाशकांत जुन्या तालमींच्या जोडीला आतां यंत्रांच्या व्यायामशाळा निघाल्या आहेत, व भुकटीचे डबे विकत मिळतात. एका डब्याची किंमत एका मुलाच्या महिन्याच्या दुधाहून अधिक पडते. म्हणून हा प्रश्न मुलांचा तसाच आईबापांचाही आहे.

प्रथम स्नायु कसा वाढतो तें पाहूं. जोर, बैठका किंवा वजन उचलणें यांनीं स्नायूंवर ताण पडतो. त्यास उत्तर म्हणून शरीर अन्नांतील प्रथिनें घेऊन विश्रांतीच्या काळांत स्नायु अधिक बळकट बांधतें. यावरून व्यायाम, अन्न व झोंप हीं तीनही लागतात हें उघड आहे. व्यायामावांचून नुसतें प्रथिन खाल्ल्यानें दंड भरत नाहींत. जादा प्रथिन इंधन म्हणून जळतें किंवा चरबी होऊन सांठतें.

प्रथिन किती लागतें? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें २०२० सालीं प्रौढांस वजनाच्या दर किलोमागें रोज ०.८३ ग्रॅम हें प्रमाण सांगितलें. वाढत्या मुलांस किंचित् अधिक लागतें. नेटानें व्यायाम करणारास सुमारें १.६ ग्रॅम पुरतें. त्यापुढें विशेष लाभ होत नाहीं, असें प्रौढांवरील प्रयोगांत दिसून आलें आहे. म्हणजे ५० किलो वजनाच्या मुलास फार तर ८० ग्रॅम झालें.

आतां घरच्या अन्नाचा हिशेब करूं. पावकिलो कणकेच्या पोळ्यांत सुमारें २७ ग्रॅम, ६० ग्रॅम डाळींत १३, अर्ध्या लिटर दुधांत १६, दोन अंड्यांत १२ व मूठभर, म्हणजे ४० ग्रॅम, शेंगदाण्यांत १० ग्रॅम प्रथिन असतें. बेरीज ७८ झाली! अंडीं न खाणारानें त्यांचे जागीं ६० ग्रॅम हरभरे भिजवून घ्यावे. तालमींत ज्यास खुराक म्हणतात तो हाच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेंही २०२४ सालीं, स्नायु वाढविण्यासाठीं भुकटीच्या मागें न लागतां अन्नांतूनच चांगलें प्रथिन घ्यावें, असा उपदेश केला आहे.

भुकटी म्हणजे विष आहे असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. तिचा एक मुख्य प्रकार दूध फाटल्यावर उरणाऱ्या निवळीपासून करितात. अडचण आहे ती डब्यांत खरोखर काय आहे याची. २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका तपासणींत भारतांत विकल्या जाणाऱ्या ३६ भुकट्या पाहिल्या, तेव्हां सुमारें ७० टक्क्यांवर प्रथिनाचें प्रमाण चुकीचें छापलेलें आढळलें. कांहींत बुरशीचें विषही निघालें. शिवाय कांहीं बलवर्धकांत स्टेरॉइड मिसळलेलें सांपडतें. वाढत्या मुलाच्या हाडांचीं टोकें त्यानें अकालीं जुळून उंची खुंटते, आणि यकृतास इजा होते.

कुस्तीगीरास तर दुसरेंही भय आहे. तीन वेळां महाराष्ट्र केसरी झालेले नरसिंग यादव यांच्या तपासणींत २०१६ सालीं मेथॅन्डिएनोन हें स्टेरॉइड आढळलें. आपल्या अन्नपाण्यांत तें कोणीं तरी मिसळलें, असें त्यांचें म्हणणें होतें, व राष्ट्रीय संस्थेनें तें मान्यही केलें. परंतु क्रीडा लवादास तो पुरावा पटला नाहीं. रिओ येथील त्यांची कुस्ती एक दिवसावर आली असतां चार वर्षांची बंदी झाली. वस्तु शरीरांत कशी शिरली हें सिद्ध करण्याचा भार खेळाडूवरच असतो, हा यांतील धडा आहे.

तेव्हां निर्णय असा करावा. अठरा वर्षांच्या आंत भुकटी, क्रिएटिन वगैरे स्वतःच्या मनानें घेऊं नये. आधीं आठवडाभराचें जेवण वहींत लिहून काढावें; कमी पडेल तेथें दूध, डाळ, अंडें वाढवावें. इतकेंही करून उणें राहिल्यास डॉक्टरांस विचारावें. सुई किंवा गोळी देऊं करणाऱ्यापासून दूर राहावें, व तें घरीं सांगावें.

बाबेलांतील राजाचीं पक्वान्नें नाकारून दानिएल व त्याचे सोबती दहा दिवस शाकान्न व पाणी यांवर राहिले, आणि त्यांचीं तोंडें इतरांहून टवटवीत दिसलीं, हें आपण शास्त्रपाठाच्या तासास वाचतोंच. देह ही देवाची ठेव आहे. तो घाईनें फुगविण्यापेक्षां धीरानें घडविणें, हेंच शहाणपण होय.